कॅमेऱ्याचे नाव आणि कॅमेऱ्याची परीक्षा

पुतण्याला नवा कॅमेरा घ्यायचा आहे. पंधरवडाभर तो निरनिराळ्या कंपन्यांची माहिती गोळा करतो आहे, आणि माहिती जितकी वाढते आहे तितका त्याचा गोंधळही वाढतो आहे. परवा त्याने सरळच विचारले, "काका, डोळे मिटून विश्वास ठेवावा अशी एक कंपनी सांगा ना." मला उत्तर देता आले नाही. आमच्या घरी वडिलांनी घेतलेला अ‍ॅग्फाचा डब्यासारखा 'क्लिक' कॅमेरा होता. त्याने तीन लग्ने आणि दोन बारशी टिपली आणि कधी कुरकुर केली नाही. पुढे मी स्वतः भरपूर पैसे मोजून एका मोठ्या नावाचा कॅमेरा घेतला, तर कोकणातल्या दुसऱ्याच पावसाळ्यात त्याच्या भिंगात बुरशी धरली. दुरुस्ती करणाऱ्याने भिंग उजेडासमोर धरून एवढेच म्हटले, "साहेब, नाव चांगलं आहे, पण ओल काही नाव वाचत नाही."

पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तर मला बाजारात शोधावेसे वाटत नाही. ज्या कॅमेऱ्याला दुरुस्तीचे दुकानच नाही, जो एकदा हातातून सुटला की पुन्हा कधी हाती येत नाही, त्याच्यावर लोक विश्वास कसा ठेवतात, हे पाहावेसे वाटते. असा कॅमेरा म्हणजे अवकाशात जाणारा कॅमेरा. भारताने या विद्येत गेल्या पन्नास वर्षांत जे कमावले, त्याचा आरंभ एका न चालणाऱ्या कॅमेऱ्यापासून झाला, ही गोष्ट आज फारशी कोणी सांगत नाही.

त्याआधी एका प्रसिद्ध नावाची कथा. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचा अंतराळवीर वॉली शिरा मर्क्युरी यानातून पृथ्वीभोवती फिरून आला, तेव्हा त्याच्याजवळ हॅसलब्लाड ५००सी हा स्वीडिश कॅमेरा होता. ह्यूस्टनमधल्या एका दुकानातून विकत घेतलेला, कोणालाही मिळेल असा. येथपर्यंतची हकीकत कंपनीच्या जाहिरातींना फार सोयीची आहे. परंतु तो कॅमेरा जसा दुकानातून आणला तसा वर गेला नाही. त्याचे कातडी आवरण सोलून काढले गेले आणि उजेडाचे परावर्तन होऊ नये म्हणून चकचकीत धातूला मंद काळा रंग दिला गेला. पुढे अपोलो ११ बरोबर चंद्रावर गेलेला हॅसलब्लाड तर आणखी बदललेला होता. नेहमीची वंगणे निर्वातात उडून जातात आणि त्यांची वाफ भिंगावर बसते, म्हणून ती बदलावी लागली. उन्हातल्या तापमानासाठी बाहेरून चंदेरी लेप दिला गेला. फिल्मच्या पुढे बारीक फुल्या कोरलेली काच बसवली गेली. चंद्रावरच्या छायाचित्रांत ज्या फुल्या दिसतात त्या याच काचेवरच्या. म्हणजे जगातल्या सर्वांत विश्वासू समजल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यावरही नासाने डोळे मिटून विश्वास ठेवला नव्हता. नाव तेच ठेवले आणि आतला प्रत्येक भाग नव्याने तपासला.

नावावर आणि परंपरेवर भरवसा ठेवला की काय होते, याचे दुसरे उदाहरण २३ जुलै १९७२ रोजी अवकाशात गेले. पुढे लँडसॅट-१ या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या उपग्रहावर दोन प्रकारची उपकरणे होती. मुख्य मान होता दूरचित्रवाणीच्या तंत्रावर चालणाऱ्या तीन व्हिडिकॉन कॅमेऱ्यांना. एका क्षणात संपूर्ण चौकट टिपणारे हे कॅमेरे नकाशे काढणाऱ्यांच्या ओळखीचे होते. दुसरे उपकरण होते बहुवर्णी क्रमवीक्षक, म्हणजे स्कॅनर. त्यात एक आरसा सेकंदाला सुमारे तेरा वेळा डोलायचा आणि जमिनीचे चित्र पट्ट्यापट्ट्यांनी गोळा करायचा. व्हर्जिनिया नॉरवूड या अभियंतीने त्याची रचना केली होती. डोलणाऱ्या आरशावर अनेकांचा विश्वास नव्हता. हलणारा भाग म्हणजे मोडणारा भाग, असा त्यांचा हिशेब. तो हिशेब एरवी चुकीचा नाही. पण उड्डाणानंतर दोन आठवड्यांतच विद्युतप्रवाहाच्या बिघाडामुळे व्हिडिकॉन कॅमेरे बंद करावे लागले, आणि तो डोलणारा आरसा मात्र वर्षानुवर्षे डोलत राहिला. लँडसॅट-१ जानेवारी १९७८ पर्यंत काम करत होता. शेती, जंगले, नद्यांची पात्रे यांच्याविषयी जगाला त्यातून जे कळले ते जवळजवळ सगळे त्या दुय्यम मानलेल्या उपकरणामुळे.

भारतात तेव्हा काय चालले होते? १९७० च्या सुमारास प्रा. पी. आर. पिशरोटी यांच्या पुढाकाराने केरळातल्या नारळाच्या बागांवरून एक हेलिकॉप्टर फिरवले गेले. हेलिकॉप्टर सोव्हिएत, उपकरणे अमेरिकी. अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या फिल्मवर निरोगी झाडे लाल दिसतात, कारण हिरवे पान अवरक्त किरण मोठ्या प्रमाणावर परत फेकते. मूळकुजीच्या रोगाने ग्रासलेल्या झाडांचा रंग वेगळा पडतो. भारतातील सुदूर संवेदनाचा आरंभ या प्रयोगापासून मानतात. १९७९ पासून हैदराबादजवळच्या केंद्रात लँडसॅटचे संदेश थेट घेतले जाऊ लागले. चित्रे आपल्या भूमीची आणि कॅमेरा परक्याचा, असा तो काळ होता. आपला स्वतःचा कॅमेरा हवा, हे सर्वांना पटले होते. तो करायचा कसा, हे मात्र करूनच कळणार होते.

७ जून १९७९ रोजी सोव्हिएत संघातील कापुस्टिन यार येथून भास्कर-१ चे उड्डाण झाले. अहमदाबादच्या स्पेस अ‍ॅप्लिकेशन्स सेंटरमध्ये तयार झालेले दोन दूरचित्रवाणी कॅमेरे त्यावर होते, एक दृश्य प्रकाशासाठी आणि एक निकट अवरक्तासाठी. एका चित्रात सुमारे ३४० किलोमीटर बाजूचा चौरस मावणार होता आणि एक किलोमीटरपर्यंतचा तपशील दिसणार होता. आजच्या मानाने हे भरड वाटेल, पण पूर, बर्फाचे आच्छादन आणि मोठी जंगले ओळखायला ते पुरेसे होते. उपग्रहावरचे सूक्ष्मलहरी उपकरण ठीक चालले आणि समुद्रावरच्या हवेतील बाष्पाची मापे येऊ लागली. कॅमेरे मात्र सुरू करता येईनात. ज्या कामासाठी भास्करचे नाव घेतले जायचे, नेमके तेच अडून बसले.

अडचण उच्च विभवांतराच्या भागात होती. व्हिडिकॉन नळीला शेकडो व्होल्ट लागतात. पृथ्वीवर, भरपूर हवेत, एक सेंटिमीटर अंतरात ठिणगी पडायला सुमारे तीस हजार व्होल्ट लागतात. कारण इलेक्ट्रॉन चार पावले टाकण्याआधीच हवेच्या एखाद्या रेणूवर आदळतो आणि त्याला वेग घेता येत नाही. पूर्ण निर्वातात तर आदळायला रेणूच नसतात, त्यामुळे तेथेही धोका कमी. खरा धोका या दोन अवस्थांच्या मध्ये असतो. हवा विरळ होत असते पण संपलेली नसते, इलेक्ट्रॉनला धावायला जागा मिळते आणि शेवटी आदळायला रेणूही मिळतो. फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्येच हा नियम मांडला होता. दाब वातावरणाच्या एक सहस्रांशाहूनही खाली गेला की त्याच एक सेंटिमीटर अंतरात अवघ्या सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास हवा विद्युतवाहक होते. उपकरणाच्या आत, तारांभोवती ओतलेल्या आवरणाच्या पोकळ्यांत, थोडी हवा अडकून राहिली असेल, तर ती अवकाशात गेल्यावर हळूहळू झिरपते आणि आतला दाब बरोबर या घातक टप्प्यावर रेंगाळतो. मग जो निळसर, खुसखुसणारा स्राव होतो त्याला करोना विसर्जन म्हणतात. (आपण सर्वांनी सोसलेल्या साथीशी या शब्दाचा संबंध नाही.) अशा वेळी कॅमेरा सुरू करणे म्हणजे तो जाळून टाकणे.

यावर उपाय कोणता? पेचकस नेता येत नाही, आवरण उघडता येत नाही. उपाय एकच, वाट पाहणे. आतली हवा पूर्ण निघून जाईपर्यंत बटण न दाबणे. मला या प्रकरणातील सर्वांत मोठी कसोटी येथे दिसते. देशाच्या पहिल्या भूनिरीक्षण उपग्रहाचा कॅमेरा मूक आहे, विचारणा होत आहेत, आणि जाणकार सांगत आहेत की थांबा. ते जवळपास वर्षभर थांबले. मे १९८० मध्ये कॅमेऱ्याला वीज दिली गेली आणि चित्रे येऊ लागली. दोन्ही कॅमेऱ्यांनी साथ दिली नाही. एकाचेच काम कामी आले. २० नोव्हेंबर १९८१ रोजी भास्कर-२ गेला तेव्हाही दोहोंपैकी एक कॅमेरा बिघडला, पण दुसऱ्याने दोन हजारांहून अधिक चित्रे पाठवली.

त्या वेळी कोणी 'या संस्थेचा कॅमेरा घ्यावा का?' असे विचारले असते, तर प्रामाणिक उत्तर नकारार्थी आले असते. चारांतले दोन नादुरुस्त, एक वर्षभर गप्प. कोणत्याही कंपनीचे नाव बुडायला एवढे पुरेसे आहे.

विशेष हे की पुढचा कॅमेरा व्हिडिकॉनचा झालाच नाही. जॉर्ज जोसेफ यांच्या नेतृत्वाखाली अहमदाबादच्या चमूने आयआरएस-१ए साठी सीसीडी या तेव्हा नव्या असलेल्या अर्धवाहक संवेदकाची निवड केली. पोकळ नळी नाही, तिला लागणारे उच्च विभवांतर नाही, लँडसॅटसारखा डोलणारा आरसाही नाही. २०४८ घटकांची एक सरळ रांग जमिनीकडे पाहत राहते, उपग्रह पुढे सरकतो आणि ओळीमागून ओळ जुळून चित्र तयार होते. केरसुणीने अंगण झाडत जावे तसे. लिस-१ कॅमेरा साधारण दर ११ सहस्रांश सेकंदाला अशी एक ओळ टिपत असे. ७२.५ मीटरपर्यंतचा तपशील त्यात दिसे. लिस-२ या जोडकॅमेऱ्यात त्याच्या निम्म्या मापाचा, म्हणजे ३६.२५ मीटरचा.

बांधणीचा प्रश्न खऱ्या अर्थाने येथे उभा राहिला. या कॅमेऱ्यांत चार वर्णपट्ट्यांसाठी चार स्वतंत्र भिंगे होती. चारही भिंगांनी त्याच क्षणी जमिनीची तीच ओळ पाहिली पाहिजे, नाहीतर चार चित्रे एकमेकांवर ठेवताना शेताच्या बांधाला रंगीत झालर येते आणि गहू कोणता, ऊस कोणता हे ठरवता येत नाही. सीसीडीचा एक घटक १३ मायक्रॉनचा. आपल्या केसाच्या जाडीच्या कितीतरी कमी. पाव घटकाची चूक चालवून घ्यायची म्हटली तरी सव्वातीन मायक्रॉनचाच वाव उरतो. आता अ‍ॅल्युमिनियमची एक फूट पट्टी घ्या. ती केवळ एक अंश सेल्सिअसने तापली तर सुमारे सात मायक्रॉन वाढते. उपग्रह दर फेरीला उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात जातो, आणि त्याआधी अग्निबाणाच्या थरथराटातून गेलेला असतो. म्हणून अशा कॅमेऱ्यांत अत्यल्प प्रसरण पावणारी इन्व्हारसारखी मिश्रणे वापरतात, तापमान काटेकोर मर्यादेत ठेवतात आणि प्रत्येक जोड उड्डाणापूर्वी हादरवून, तापवून, थंड करून पुन्हा मोजतात. बाजारात आपण 'मजबूत बांधणी' म्हणतो तेव्हा हाताला लागणारे वजन आणि धातूचा गारवा आपल्या मनात असतो. येथे मजबुतीचा अर्थ एवढाच, की कालचे अंतर आजही तेच आहे.

परीक्षेची ही पद्धत म्हणजे केवळ छळ नव्हे, तिच्यामागे शास्त्र आहे. यंत्रांच्या बिघाडांचा आलेख काढला तर तो न्हाणीघरातल्या टबासारखा दिसतो. आरंभी बिघाड पुष्कळ, कारण सदोष सुटे भाग लवकर मरतात. मग दीर्घ सपाट काळ. शेवटी झिजेमुळे पुन्हा चढ. उपग्रहासाठी घेतलेले सुटे भाग आधीच तासन्‌तास तापवून चालवतात ते यासाठी, की ज्यांना मरायचे आहे त्यांनी जमिनीवरच मरावे. आधी एक नमुना परीक्षेसाठीच बांधतात, त्याला प्रत्यक्षात सोसावे लागेल त्याहून अधिक छळतात आणि तो वर पाठवतच नाहीत. बाजारातला कॅमेरा घेणाऱ्याची गोष्ट निराळी आहे. नव्या नमुन्याची पहिली खेप जो घेतो तो त्या टबाच्या चढावरच उभा असतो. बऱ्याचदा परीक्षा पैसे देऊन तोच करतो. निकॉनसारख्या, व्यावसायिकांनी दशकानुदशके पारखलेल्या कंपनीचे उदाहरण ताजे आहे. २०१२ मध्ये आलेल्या तिच्या डी६०० या कॅमेऱ्याच्या संवेदकावर ठिपके जमू लागले. वर्षभरात डी६१० हा नवा नमुना बाजारात आला, आणि २०१४ मध्ये हमीची मुदत संपलेल्या डी६०० कॅमेऱ्यांचीही विनामूल्य दुरुस्ती करण्याचे कंपनीला जाहीर करावे लागले. जुन्या लौकिकाने नव्या झडपेची हमी दिली नाही.

आयआरएस-१ए चे उड्डाण १७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून झाले. त्याची ठरवलेली मुदत तीन वर्षांची होती. तो जुलै १९९६ पर्यंत काम करत राहिला, म्हणजे आठ वर्षे आणि चार महिने. कॅमेरा वर गेल्यावर त्याची नजर मंदावली आहे का, हे पाहण्यासाठी आतच छोटे दिवे बसवलेले होते. ठराविक काळाने ते लावून संवेदकाचा प्रतिसाद मोजला जाई. मला ही गोष्ट त्या आठ वर्षांइतकीच मोलाची वाटते. आपल्या कॅमेऱ्याचे वय झाले की नाही हे कॅमेऱ्यालाच विचारण्याची सोय त्यात होती, आणि उत्तर गैरसोयीचे आले तरी ते ऐकावे लागणार होते.

पुढची हकीकत वेगाने सांगता येते. २८ डिसेंबर १९९५ रोजी गेलेल्या आयआरएस-१सी वरील कृष्णधवल कॅमेरा ५.८ मीटरपर्यंतचा तपशील देत होता. १९९९ मध्ये अमेरिकेचा इकोनॉस येईपर्यंत नागरी उपग्रहांत याहून तीक्ष्ण नजर कोणाची नव्हती, आणि त्याची चित्रे परदेशांत विकण्याचे काम ईओसॅट ही अमेरिकी कंपनी करत होती. ज्या देशाने हैदराबादच्या केंद्रात परक्याची चित्रे उतरवून घेतली, त्याची चित्रे आता विकत घेतली जात होती. भास्करच्या कॅमेऱ्यांपासून या कामात असलेले ए. एस. किरणकुमार पुढे इस्रोचे अध्यक्ष झाले. चांद्रयान-२ वरील ओएचआरसी कॅमेरा शंभर किलोमीटरवरून चंद्रावरचा पाव मीटरचा तपशील पाहतो. चांद्रयान-३ साठी उतरण्याची जागा निवडताना त्याच्याच चित्रांचा आधार घेतला गेला. दगड नाही असे त्या चित्राने सांगायचे आणि यानाने त्यावर पाय टेकायचे, इतका तो भरवसा.

परंतु भास्करची खरी वारसदार मला एका वेगळ्याच उपकरणात दिसते. २८ सप्टेंबर २०१५ रोजी अ‍ॅस्ट्रोसॅट ही वेधशाळा अवकाशात गेली. तिच्यावर अतिनील किरण टिपणाऱ्या जोडदुर्बिणी आहेत, यूव्हीआयटी नावाच्या. बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था, पुण्यातील आयुका, मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था, इस्रो आणि कॅनडाची अवकाश संस्था यांनी मिळून त्या केल्या. त्यांच्या संवेदकांना उच्च विभवांतर लागते, आणि आरशांवर बाष्पशील द्रव्याचा रेणूंइतका पातळ थर बसला तरी अतिनील प्रकाश शोषला जातो. उपग्रहाच्या रंगांतून, गोंदांतून, तारांच्या आवरणांतून असे द्रव्य सुरुवातीचे काही आठवडे सुटतच असते. म्हणून उड्डाणानंतर दुर्बिणींची झाकणे उघडलीच नाहीत. सर्व द्रव्य उडून जाऊ दिले आणि दोन महिन्यांनी, ३० नोव्हेंबर २०१५ रोजी, ती उघडली. १९७९ मध्ये नाइलाजाने केलेली प्रतीक्षा या वेळी आधीच वेळापत्रकात लिहिलेली होती.

आणि तरीही, २०१८ मध्ये यूव्हीआयटीची निकट-अतिनील शाखा बंद पडली. पाच वर्षांची मुदत ठरलेल्या मोहिमेच्या तिसऱ्या वर्षी. दूर-अतिनील शाखेने निरीक्षणे चालू ठेवली आणि ती पाच वर्षांच्या पुढेही चालली. तिच्या माहितीवर काम करणारे संशोधक आपल्या निबंधांत निकट-अतिनील शाखा कधी थांबली हे एका वाक्यात नोंदवतात आणि उरलेल्या पट्ट्यातील ताऱ्यांकडे वळतात.

हे सगळे मी पुतण्याला सांगितले. त्याने ऐकून घेतले, मग विचारले की त्याला हव्या असलेल्या नमुन्याची पहिली खेप येऊन किती महिने झाले हे कुठे पाहायचे. कॅमेरा त्याने अजून घेतलेला नाही.